हात कोणाचा?

होबार्ट, ११ एप्रिल २०११

मर्विन,

'प्रिय' लिहायला पेन टेकवलं आणि तिथेच थांबलो, म्हणून नुसतं नाव लिहितो.

तुझं पोस्टकार्ड परवा मिळालं. एका बाजूला पोर्ट ट्रेव्हाच्या धक्क्याचं रंगीत चित्र, दुसऱ्या बाजूला तीन वाक्यं. "टॅम्सिन गेली. झोपेत. मंगळवारी पुरलं." कुठला मंगळवार? टपालाचा शिक्का पाहून दिवस मोजले, तर तो मंगळवार होऊन बारा दिवस झालेले. सख्ख्या बहिणीवर मूठभर माती टाकायला थोरल्या भावाला बोलावू नये, इतका मी तुझा वैरी आहे हे मला ठाऊक होतं. पण ते तू धक्क्याच्या चित्रामागे लिहून कळवशील असं वाटलं नव्हतं. त्याच धक्क्यावर आपण तिघं पाय खाली सोडून गळ टाकून बसायचो. तिचे पाय पाण्यापर्यंत पोचायचे नाहीत म्हणून ती तुझ्या मांडीवर बसायची. पाण्यावर धुराड्याची सावली पडलेली असायची आणि मासे त्या सावलीत यायचे. हे तुला आठवत नसेल. तुला आठवायची सवय नाही.

मुद्द्याचं लिहितो. आईच्या काचेच्या कपाटावर खोकल्याच्या गोळ्यांची एक पत्र्याची डबी होती. टॅम्सिनचे दुधाचे दात पडले तसे आईने त्यात ठेवले. ती डबी मला हवी आहे.

कशाला, ते तू ओळखलं असशील. बासष्ट वर्षांची होऊन ती गेली, आणि मनाने सहा वर्षांचीच राहिली. तिला अक्षर आलं नाही, घड्याळ आलं नाही, बुटाची नाडी आली नाही. डॉक्टर म्हणाले, "असतात अशी मुलं." गावात अशी मुलं गल्लीगल्लीत होती, आणि त्या सगळ्या गल्ल्यांवर एकच धुराडं होतं. त्या धुराड्याखालच्या शिशाच्या भट्टीत आपले वडील राबले, आणि तू एकेचाळीस वर्षं राबलास. निवृत्त होताना त्यांनी भेट दिलेलं घड्याळ छातीशी धरून फोटो काढलास, तो मी पाहिला आहे.

दुधाचा दात खोटं बोलत नाही. तो तयार होतो त्या वर्षांत पोटात गेलेलं शिसं तो धरून ठेवतो. मी ते मोजून घेईन. आणि आकडा आला की तिच्या दगडावर नावाखाली एक ओळ कोरायची: "हिला धुराड्याने खाल्लं." तू दगडावर नुसतं नाव घालणार आहेस, असं टपालाने येणाऱ्या गावच्या चर्चच्या पत्रकात वाचलं. तसं मी होऊ देणार नाही.

डबी उघडू नकोस. आहे तशी पाठव.

डेन्झिल रोझवॉर्न


होबार्ट, २ मे

मर्विन,

बोल्स क्लबच्या सामन्यांच्या जुन्या यादीमागे लिहिलेलं तुझं उत्तर मिळालं. "दात देणार नाही. ती तुझा बर्फ नव्हे."

बरं झालं बर्फाचं नाव काढलंस. तीस वर्षं मी काय केलं, ते तू कधी विचारलं नाहीस. गावात सांगत आलास, "आमचा थोरला तिकडे बर्फ फोडतो," आणि लोक हसायचे. हो, फोडतो. दक्षिण ध्रुवाकडचा बर्फ म्हणजे दरवर्षी पडलेल्या हिमाचे थर, वहीच्या पानांसारखे एकावर एक. तो पोकळ नळीने भोसकून वर काढतात. हाताच्या जाडीचा लांब गाभा निघतो. उणे वीसच्या खोलीत नखशिखांत झाकून मी तो छिन्नीने सोलायचो. बाहेरचा थर घाण असतो, त्याला यंत्राचं आणि माणसाचं काहीबाही लागलेलं असतं. तो काढायचा, मोजायचा, मग त्याच्या आतला काढायचा. आकडा उतरत उतरत एके जागी थांबतो. थांबला की समजायचं, आता खरा बर्फ लागला.

आणि त्या खऱ्या बर्फात, ध्रुवावर माणसाचं पाऊल पडायच्याही आधीच्या थरात, शिसं सापडलं. शिशात चार सख्खे भाऊ असतात, म्हणजे शिशाचेच चार प्रकार, वजनाने किंचित वेगळे. त्यांचं आपसातलं प्रमाण जगातल्या बहुतेक खाणींत वेगळं. आपल्या भट्टीत जिथलं खनिज येतं त्या वाळवंटातल्या टेकडीचं तर असं आहे की हजारात ओळखू येतं. तेच त्या बर्फात होतं. आपल्या गावाचा धूर, मर्विन! आजोबांच्या काळचा. मी तो आकडा पाहिला तेव्हा उणे वीसमध्ये मला घाम फुटला. चौथीतल्या मिस पेनहेल आठवल्या. त्यांनी स्वतः रचलेली कविता सगळ्या वर्गाकडून म्हणून घ्यायच्या, खिडकीशी उभं करून:

धूर चालला दक्षिणेला, वारा त्याचा घोडा,
जाता जाता, शहाण्या मुला, हात हलव थोडा.

आणि आम्ही चाळीस मुलं धुराला हात करायचो. मी घरी येऊन टॅम्सिनला शिकवली. तिला दुसरी कुठलीच कविता कधी आली नाही, हीसुद्धा हातवाऱ्यापुरतीच. बाईंनी किती साध्या शब्दांत सगळं सांगून ठेवलं होतं! धूर कुठे जातो ते त्यांना माहीत होतं, आणि तुमच्या भट्टीच्या साहेबांना शंभर वर्षं माहीत नव्हतं?

आमच्याकडे एक रीत आहे. प्रत्येक नमुन्याच्या पिशवीवर वर्ष, खोली, आणि शेवटी एक रकाना: "हात कोणाचा". ज्याने तो तुकडा हाताळला त्याने आद्याक्षरं घालायची. नमुना बिघडला तर कोणामुळे, ते कळावं म्हणून. एकदा फर्गस नावाच्या नव्या पोराने आत शिसं मिसळलेल्या पितळी बटणांचा सदरा घालून सहा महिन्यांचा बर्फ नासवला. मी त्याला सगळ्यांसमोर त्या रकान्यात नाव लिहायला लावलं. तो म्हणाला, "डेन्झिल, चूक झाली, आता लिहून काय होणार?" मी म्हटलं, "लिहिलं की बर्फ निर्दोष होतो." त्याने आद्याक्षरं घालेपर्यंत मी तिथून हललो नाही. आज तोच तिथला प्रमुख आहे, आणि दात तपासायला तयार आहे.

तिच्या तोंडात नेहमी काहीतरी असायचं. बटण, रिबन, काहीबाही. आणि अंगणातल्या प्रत्येक वस्तूवर तुमच्या धुराची पूड. पूर्वेचा वारा सुटला की आई दोरीवरचे कपडे ओढून आत आणायची. पण पोरीला किती वेळा आत आणणार?

डबी पाठव.

डे. रोझवॉर्न


होबार्ट, ३० मे

मर्विन,

पोस्टकार्ड मिळालं. पुन्हा तोच धक्का. मागे एकच शब्द: "काहीबाही?"

हा विनोद असेल तर मला कळला नाही. माझ्या पत्रातला एक शब्द उचलून मलाच परत पाठवायला तिकीट कशाला वाया घालवलंस?

आणि रविवारच्या फोनबद्दल. तू मध्येच ठेवून दिलास, म्हणून जे बोलणं झालं ते इथे लिहून ठेवतो. पुढे म्हणशील, मी असं बोललोच नाही.

तू म्हणालास, "बोला बर्फवाले. इकडे थंडी पडलीय, बर्फ नकोय."

मी म्हणालो, "मर्विन, डबी दे. तू भट्टीची अब्रू राखतोयस."

"भट्टीच्या पावावर वाढलास, तोंड पुसलंस आणि गेलास. आता तिला शिव्या घाल."

"मी शिकायला गेलो."

"हो ना. आणि तिला न्हाऊ कोण घालायचं? तिचे केस कोण विंचरायचं? बायको निघून गेली माझी, म्हणाली 'मी नाहीतर तुझी बहीण, एकीलाच ठेव घरात.' तेव्हा कुठं होतास रे?"

"मी दर नाताळला लिहीत होतो."

"कविता पाठवायचास. तिला वाचता येत नव्हतं, डेन."

त्यावर मी गप्प राहिलो, ते तू जिंकलास म्हणून नव्हे. फोनवर समुद्रासारखा आवाज येत होता, म्हणून.

मग तू ते बर्फाचं सांगितलंस. ती विचारायची, "डेन कुठे?" तू म्हणायचास, "बर्फात." तर ती फ्रीजमधला बर्फाचा खडा काढून कानाला लावायची आणि म्हणायची, "डेन, बोल." खडा वितळून बाही ओली व्हायची. हे तू मला चाळीस वर्षं सांगितलं नाहीस आणि आता, ती पुरल्यावर, फोनवर फेकून मारलंस. तुझ्या मारण्याला नेम आहे, हे मान्य करतो. लहानपणीही तू कधी चुकत नसायचास.

पण यातलं काहीच माझ्या प्रश्नाचं उत्तर नाही. तुला भीती कशाची आहे? आकड्याचीच ना?

राहता राहिलं काहीबाही. आपण सगळीच पोरं तेव्हा गळाला बांधायची वजनं घरी ओतायचो. रुळांच्या कडेला वॅगनमधून पडलेले शिशाचे तुकडे मिळायचे, ते वितळवून वाळूच्या साच्यात. तूही ओतलीस. गावातल्या एकूण एक पोराने ओतली. त्याचा इथे काही संबंध नाही. मीच आपणहून लिहिलं, म्हणजे तू मागाहून लपवलं म्हणायला नको.

डेन्झिल


होबार्ट, ४ जुलै

मर्विन,

डबी मिळाली. सुतळीने बांधलेली, गाठीवर मेण. खाली चिकटपट्टीने लावलेला लिफाफाही पाहिला. तो काढून ठेवला आहे. तुझ्या शिव्या मी सावकाश, चहाबरोबर वाचीन. आधी आकडा.

शेवटी दिलीस. का दिलीस ते कळत नाही, आणि कळून घ्यायची गरजही नाही. तुला वाटलं असेल, थोरला आता थकलाय, घेईल डबी आणि कुरवाळत बसेल. मी ती हलवूनसुद्धा पाहिली नाही. नमुना साध्या हवेत उघडायचा नाही, ही माझीच शिस्त. दोन पिशव्यांत घालून सरळ फर्गसच्या हातात दिली. तो म्हणाला, "आत नुसते दातच आहेत ना, खात्री आहे?" मी म्हटलं, "माझ्या आईने ठेवलेत. आमच्या घरात डबीत एक म्हणून दुसरं ठेवत नसत."

दगडवाल्याला मी परस्पर पत्र टाकलं आहे. ओळीचा मजकूरही पाठवला. अक्षरं खोल कोरायला सांगितली आहेत. खाडीचा वारा उथळ अक्षरं खातो. तू त्याला जाऊन थांबवशील हे मला माहीत आहे. पण आकडा आला की तो मी तुमच्या गावच्या वर्तमानपत्रात छापीन, आणि मग तुझ्या क्लबातले लोक तुझ्याशी बोल्स खेळतात का बघू.

आईची एक गोष्ट आठवते. मी बोटीवर चढताना तिने माझ्या खिशात कवितांची वही घातली आणि म्हणाली, "तू हळवा आहेस रे डेन, जपून." तू मागे उभा होतास, टॅम्सिनचा हात धरून. तू हसलास. ते हसणं मी विसरलेलो नाही.

डे. रो.


होबार्ट, १९ ऑगस्ट

मर्विन,

सहा आठवडे लिहिलं नाही. दोनदा बसलो आणि कागद फाडले.

फर्गसने फोन केला होता. "ये. फोनवर नको." मी गेलो. इतक्या वर्षांनी ते पांढरे कपडे चढवले, दुहेरी हातमोजे घातले. त्याने डबी स्वच्छ हवेच्या पेटीखाली ठेवली होती. वरचा कापूस काढलेला, सहा दात ओळीने मांडलेले, तांदळासारखे. मग त्याने चिमट्याने खालचा कापूस उचलला.

"डेन्झिल, हे काय?"

"मासा," मी म्हणालो.

"शिशाचा?"

"हो."

"दातांच्या डबीत? पन्नासएक वर्षं? अरे, सगळा नमुना बरबटला की! कुणी ठेवला हा?"

तू ओळखतोस तो मासा. बोटाच्या पेराएवढा, खिळ्याने ओरखडून काढलेले खवले, एकच डोळा. तिच्या चौथ्या वाढदिवसाचा. परसातल्या धुण्याच्या खोलीत मी दर शनिवारी शिसं वितळवायचो, ते आईच्या लापशीच्या पातेल्यात. तिची लापशीही त्याच पातेल्यात व्हायची. आई कामाला बाहेर असायची आणि पोरीला सांभाळायचं माझ्याकडे असायचं. ती रडायची. मासा तोंडात दिला की गप्प बसायची, आणि मला पुस्तक वाचता यायचं. मी तिला खिडकीत बसवून मोठमोठ्याने कविता म्हणायचो, आणि ती मासा चोखत धुराला हात करायची. माझ्या आयुष्यातल्या सगळ्यांत सुंदर दुपारी त्या. मी त्या इतकी वर्षं जशाच्या तशा जपून ठेवल्या होत्या.

फर्गस चांगला माणूस आहे. बाहेरचा थर टाकून, दाताच्या पार आतलं त्याने मोजलं होतं. म्हणाला, "टेकडीच. शंकाच नाही. शिसं भयंकर आहे, तू म्हणत होतास त्याहून जास्त."

मी म्हणालो, "म्हणजे धुराडं." मर्विन, तेव्हासुद्धा मी हेच म्हणालो.

"धुराड्यात टेकडीचं. त्या वेळच्या पाळण्यांच्या रंगात टेकडीचं. आणि या माशातही टेकडीचंच, मी तोही मोजला. चारी भाऊ तेच, प्रमाण तेच. तूच शिकवलंस ना आम्हाला? बर्फ असो की दात, डोंगराचं नाव सांगतो. हाताचं नाही सांगत."

माशाच्या शेपटीकडे खुणा होत्या. शिसं मऊ असतं. बारीक, अर्धगोल, एकाशेजारी एक. फर्गसला मी म्हटलं, चिमटा दे. पुढचा एक दात उचलला आणि त्या खुणेत टेकवला.

बसला.

फर्गस पलीकडे वळून काहीतरी आवरायला लागला. मग त्याने नमुन्याचा कागद माझ्याकडे सरकवला. सगळं भरलेलं होतं, शेवटचा रकाना सोडून. म्हणाला, "रिकामा ठेवला तरी चालेल, डेन्झिल. हे कामाचं थोडंच आहे?"

मी त्याच्या हातातून पेन घेतलं. 'हात कोणाचा' समोर लिहिलं: डे. रो.

घरी येऊन तुझा लिफाफा उघडला. चहा केला नाही. "मासा आईने काढून घेतला, मी भट्टीत लागलो त्या वर्षी. तेव्हा टॅम तेरा वर्षांची होती. डॉक्टरांनी आईला शिशाचं विचारलं होतं. मरताना म्हणाली, डेनला सांगू नको, तो हळवा आहे. मी सांगितलं नाही. तू मागितलंस." खाली सहीसुद्धा नाही.

धुराड्याला मी सोडत नाही, हे नीट ऐकून ठेव. ज्या गल्ल्यांमध्ये माझा मासा नव्हता तिथेही तशी मुलं होती. पण तिच्या दगडावर काय लिहायचं, ते सांगायचा हक्क आता माझा राहिलेला नाही. दगडवाल्याला पत्र टाकून ती ओळ काढायला सांगितली. त्याने पहिलं अक्षर कोरून ठेवलं असेल तर ते घासून काढावं लागेल. त्याची खूण राहील. राहू दे.

आणि तुलाही मी माफ केलेलं नाही. तू गप्प बसलास, आणि मी चाळीस वर्षं शहाणा राहिलो. तुझ्या भट्टीला, तुझ्या घड्याळाला, तुझ्या बोल्सला नावं ठेवत राहिलो आणि तू ऐकून घेतलंस. आईचा शब्द पाळलास म्हणतोस. मला विचारशील तर तू मला त्या बर्फात ठेवून दिलंस, जपून, वर्षाच्या थराखाली. यापेक्षा मोठा सूड मला सुचला नसता.

डबी परत आणतो आहे. सहा दात आणि मासा. सातवा मोजण्यात गेला. गुरुवारी दुपारची बस. दार उघडायचं नसेल तर उघडू नकोस, पायरीवर ठेवून मी दफनभूमीत जाईन. तिची जागा कुठे, तेवढं एका पोस्टकार्डावर लिही. धक्क्याचंही चालेल.

डेन